अम्मीने शिवलेली पाने

७८६
परदेशीपुरा, इंदूर
ता. १२ जुलै १९५३

सफियाच्या अब्बांना,

सलाम वि. वि. आम्ही मायलेकी अल्लाच्या मेहरबानीने खुशाल आहोत. तुमच्या खुशालीचं पत्र मात्र पंधरा दिवस नाही. देपालपुरच्या तहसीलीत कानूनगोसाहेबांना शाई मिळत नाही की काय? मिळत नसेल तर कळवा, दौत भरून पाठवते.

सफिया सातवीत गेल्यापासून तिला कादंबऱ्यांचं जे वेड लागलंय ना, विचारू नका. भात उतू गेला तरी बाईसाहेबांची मान वर होत नाही. गेल्या ईदेला तुम्हीच फर्मान काढलंत, की वाचनालयातलं पुस्तक आधी मोठ्यांनी वाचायचं, पसंत पडलं तर मुलीच्या हाती. तुम्ही फर्मान काढून निघून गेलात, मोठी उरले मी! तेव्हापासून दुपारचं आवरलं की मी बसते वाचत. सफिया सोमवारी आणि गुरुवारी पुस्तक आणते. मी ते वाचते, आणि जी पानं नकोत ती पांढऱ्या दोऱ्याने कच्चे टाके घालून शिवून टाकते. तिचं वाचून झालं की टाके उसवून पुस्तक परत.

तुम्हाला वाटेल, मी प्रेमाबिमाची पानं शिवते. छे हो! आजकालचे नायक बापडे हातसुद्धा धरत नाहीत. मी शिवते ती वेगळीच. ऐतिहासिक कादंबरीत आपल्यातला माणूस आला रे आला की हातात नंगी तलवार आणि नजर दुसऱ्याच्या बायकोवर. भला माणूस एक नाही, औषधालासुद्धा नाही. माझे आजोबा चाळीस वर्षं होळकरांच्या पागेत होते, घोड्याला चाबूक मारताना त्यांच्या डोळ्यात पाणी यायचं. पोरीने आपल्या माणसांबद्दल हे वाचावं? माझा जीव होत नाही.

द्वारकाबाईंनी शेजारधर्माने तुमच्यासाठी लिंबाचं लोणचं दिलंय, येणाऱ्याबरोबर पाठवते. तब्येतीला जपा आणि आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची
खुर्शीद


७८६
देपालपुर
ता. २१ जुलै १९५३

सफियाच्या अम्मीस अनेक दुवा.

पत्र पावलं. शाई आहे, वेळ नाही. मध्यभारत सरकारने गावोगावच्या जमिनीच्या खसऱ्याची फेरतपासणी काढली आहे, आणि या काळ्या मातीच्या चिखलात माझा एक बूट रुतला तो अजून तिथेच आहे. लोणचं पोचलं. निम्मं तहसीलदारसाहेबांनीच संपवलं.

तुझी शिवणकामाची तऱ्हा वाचून हसलो, पण मन थाऱ्यावर नाही. पानं शिवायची वेळ येते ते पुस्तक घरात आणावंच कशाला? मी उज्जैनहून उपदेशाच्या गोष्टींचं एक उर्दू पुस्तक मागवलं आहे. कागद जाड, छपाई सुबक. तिला तेच वाचायला लाव. तू म्हणशील, घरात चार पिढ्या मराठी बोलतो, पोरीचं उर्दू मौलवीसाहेबांपुरतं. तर या निमित्ताने सुधारेल.

तिची शाळा, तुझी कंबर, दोन्हीचं कळव.

दस्तगीर बारगीर


७८६
इंदूर
ता. २ ऑगस्ट १९५३

सफियाच्या अब्बांना,

सलाम वि. वि. तुमचं उर्दू पुस्तक आलं. पहिल्या गोष्टीत मुलगी आईचं ऐकत नाही आणि विहिरीत पडते. दुसऱ्या गोष्टीत दुसरी मुलगी ऐकत नाही, तीही पडते. सफियाने विचारलं, की अब्बांना एवढ्या विहिरी कुठे सापडल्या. कागद खरंच जाड आहे, मी डब्यांच्या खाली घातलाय.

आता रागवू नका, एक घोटाळा झालाय. गेल्या गुरुवारी माझी कंबर धरली होती, आणि टाके न उसवताच पुस्तक परत गेलं. ते नेलं एका रिटायर हेडमास्तरांनी. तीन ठिकाणी पानं शिवलेली बघून त्यांची काय अवस्था झाली असेल! घरी जाईपर्यंत धीर निघेना, तिथेच उभ्या उभ्या चाकूने टाके कापले. आत काय, तर एक लढाई आणि एक दाढीवाला सरदार. पण तोपर्यंत बोभाटा झाला होता. आता त्या पुस्तकासाठी सहाजणांनी नंबर लावलाय, आणि वाचनालयात येणारा जो तो विचारतो, की अहो भिया, शिवलेलं आणखी एखादं आहे का.

वाचनालयाचे लक्ष्मीकांतराव स्वतः घरी आले. मला तर धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. पण ते फार अदबीने म्हणाले, की बाईसाहेबांनी कपाटातल्या निबंधांच्या पुस्तकांनाही थोडे टाके घालावेत, दहा वर्षांत त्यांना कुणी हात लावलेला नाही. मी पदराआड हसले. मग त्यांनी ते पुस्तक काढलं, मी शिवलेली पानं एकेक करून चाळली. पाणी मागितलं, प्याले, आणि जाताना नेहमी करत नाहीत तो आदाब करून गेले. मला रडू आलं, का ते विचारू नका.

तुमच्या रागालोभाची मानकरी,
खुर्शीद


७८६
देपालपुर
ता. ७ ऑगस्ट १९५३

सफियाच्या अम्मीस दुवा.

गावभर हसं व्हायचं तेवढंच बाकी होतं. बारगीरांच्या घरची बाई सरकारी-निमसरकारी पुस्तकं शिवते, हे उद्या तहसीलीत कळलं तर मी तोंड कुठे लपवू? बकरीदेला मी येतोच आहे. वाचनालयात नाव माझं आहे, ते येऊन काढून टाकतो. तोवर जे पुस्तक घरात असेल तेच शेवटचं. सफियाला तू सांग, माझ्याने सांगवणार नाही.

रागाने लिहितोय असं समजू नकोस. थोडं रागानेच लिहितोय.

दस्तगीर


७८६
इंदूर
ता. ११ ऑगस्ट १९५३

सफियाच्या अब्बांना,

सलाम वि. वि. सफियाला सांगितलं. ती रडली नाही. नुसतं जेवायला नको म्हणाली. मी म्हटलं, तुला काय सांगायचं ते अब्बांना लिही.

एक अर्जी माझीही ऐका. गेल्या चार पुस्तकांत मला सुई हातात घ्यावीच लागली नाही, खुदा कसम! एकात खेड्यातली शाळामास्तरीण आहे, एकात नर्मदेवरचा नावाडी. आणि काल वाचलेल्यात तर एक अत्तरवाले चाचा आहेत, इतके गोड आणि इतके विसरभोळे की मी चुलीपाशी एकटीच खदाखदा हसत होते. द्वारकाबाई भिंतीपलीकडून विचारायला लागल्या, काय झालं म्हणून. लिहिणारे सुधारले म्हणायचे. मग आता कशाला बंद करता? फर्मान तुमचं, पण जरा सबुरीने घ्या.

बकरीदेच्या आदल्या दिवशीची शेवटची मोटर पकडू नका, फार गर्दी असते. वाट बघतेय.

खुर्शीद


७८६
इंदूर
ता. १३ ऑगस्ट १९५३

ती. अब्बांना सफियाचे आदाब.

मी चांगली आहे. गणितात अडुसष्ट मिळाले. हे पत्र मी द्वारकाबाईंच्या ओट्यावर बसून लिहिते आहे, कारण यातलं अम्मीला कळता कामा नये. तुम्हाला माझी कसम आहे.

अब्बा, अम्मीने शिवलेली सगळी पानं मी वाचलेली आहेत. टाके उसवून नाही. मी पुस्तक घेतलं की वाचनालयाच्या बाकावर बसून अर्धं तिथेच वाचून टाकते, उरलेलं शाळेच्या सुट्टीत. अम्मीच्या हातात जातं तेव्हा माझं झालेलं असतं. ही माझी चूक आहे, माफ करा. तिने कोणती पानं शिवली ते बघितलं आणि मला समजलं. मलाही ती पानं वाचून राग आला होता. मग वाटलं, हे लिहिणारे कधी आपल्या घरी आलेच नाहीत, त्यांना काय माहीत. पण अम्मीचं तसं नाही. अशी पानं शिवली की त्या दिवशी ती गप्प गप्प असते, पोळी करपते आणि तिला कळतही नाही. एकदा ती पुस्तक मांडीवर घेऊन नुसती बसली होती.

म्हणून मी ठरवलं. आता पुस्तकं आधी मी बाकावर चाळून बघते, दोन-दोन चकरा मारते, आणि अम्मीला त्रास होईल ते तिथेच परत करते. सोळा परत केली, तेव्हा ही चार सापडली. लक्ष्मीकांतकाका पण मदत करतात. अम्मी म्हणते लिहिणारे सुधारले. ते सुधारले नाहीत, अब्बा.

तुम्ही नाव काढलंत तर माझं काही अडत नाही, मला शाळेतून मिळतील. पण अम्मीला कुठून मिळणार? दुपारी ती दार लोटून वाचत बसते ना, तेव्हा मी आत जात नाही. परवा ती इतकी हसली की तिचा आवाज मला ओळखू आला नाही. मी दारातच उभी राहिले.

बस, एवढंच. येताना मावा आणा.

तुमची लाडकी,
सफिया


७८६
देपालपुर
ता. १७ ऑगस्ट १९५३

सफियाच्या अम्मीस अनेक दुवा.

सफियाचं पत्र पोचलं. गणिताचे मार्क कळवलेत आणि मावा मागितलाय, बाकी पोरीने काही विशेष लिहिलेलं नाही. मी मात्र दोन दिवस कामात चुका करतोय, तहसीलदारसाहेबांनी विचारलंसुद्धा, की घरी सगळं ठीक आहे ना. मी सांगितलं, माझ्या समजुतीपेक्षा बरंच ठीक आहे.

तुझी अर्जी मंजूर. आपलं ठरलं होतं तसंच चालू राहू दे, पुस्तक आधी तूच वाच. घाई करू नकोस, पोरीसाठी म्हणून भराभर उरकू नकोस. तुझी पारख चांगली आहे, ती पोरीतही उतरली आहे.

पण माझं नाव मी काढणारच. लक्ष्मीकांतरावांना वेगळं लिहिलं आहे, ते नवा कागद घेऊन येतील. त्यावर तुझं नाव घालायचं, सहीही तुझीच. लग्नाला चौदा वर्षं झाली, तुला वाचायला आवडतं का हे मी एकदाही विचारलं नाही. या ईदेला ते अत्तरवाले चाचा मला वाचून दाखव. कुठे हसायचं ते आधी सांगू नकोस.

शेवटची मोटर पकडत नाही, दुपारचीच धरतो.

तुझा
दस्तगीर