मिठाचा अंदाज

आई, इथूनच तुझ्या पाया पडतो.

ताप उतरून महिना झाला, आता मी ठणठणीत आहे. तुझे गुडघे काय म्हणतात?

हॉटेलात अजून मला वस्तादच म्हणतात. परवा मात्र चार टेबलांवरून रस्सा परत आला, खारट म्हणून. मी चाखला तेव्हा मला अळणीच लागला होता. उगाच भाजी चिरणाऱ्या मावशींवर ओरडलो. आता माझी पाठ वळली की त्या हळूच पातेल्यातलं चाखून बघतात.

तू कधीच चाखायची नाहीस, तरी मीठ बरोबर पडायचं. ते कसं गं? जरा लवकर कळव.

आणि लोणच्याची बरणी पाठवू नकोस. धाकट्याला दे. त्याला चव तरी कळेल.

तुझा थोरला