घाटमाथ्यावर घेतलेला तास

चि. ठमीस थोरल्या बहिणीचे आशीर्वाद.

तुझा खोकला आणि यजमानांचा गुडघा कसा आहे ते सवडीने कळव, आधी हे ऐक: मी घाटमाथ्यावर जाऊन आले! भूगोलाची बाई म्हणून जन्मभर फळ्यावर ज्या डोंगराचं चित्र काढलं (अलीकडे ढग आणि गर्द झाडी, पलीकडे कोरडं, तांबडं माळरान), तो खराखुरा डोंगर, ठमे! एकाच देशात, एकाच डोंगराच्या दोन बाजू, आणि भांडलेल्या जावांसारख्या एकमेकींकडे पाठ करून बसलेल्या! ती पलीकडची बाजू एकदा डोळ्यांनी पाहायची, एवढ्याचसाठी मी सहलीच्या बसमध्ये बसले.

तर बाहेर धबधबे कोसळताहेत आणि आत मंडळी पडदे ओढून घोरताहेत! सहलवाल्याला विचारलं, "माथ्यावर थांबणार ना?" तर म्हणतो, "मॅडम, तिथे बघायला काहीच नाही. ना हॉटेल, ना दुकान." काहीच नाही! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शेवटी, खोटं बोलू नये असं लहानपणी शिकवणाऱ्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांची मनोमन माफी मागितली, तोंडावर रुमाल धरला आणि ओरडले, "थांबवा, मला उलटी होतेय!" बस जागच्या जागी उभी.

उतरले ती तडक कठड्याशी. रुमालातून मान वर करायच्या आतच घाबरून अख्खी बस माझ्यामागे; कोणी लिंबू पुढे करतंय, कोणी पाठ चोळायला येतंय. एवढा वर्ग आयता जमल्यावर मला कुठलं राहवतंय! वारा कुठून येतो, ढग का अडतात, पलीकडे थेंब का पोचत नाही, सगळं छत्रीने दाखवून समजावलं. एक जाडे व्यापारी चुळबुळ करत होते. "सरळ उभे राहा" म्हटल्याबरोबर ताठ झाले. त्यांच्या बायकोने तर प्रश्न विचारला: "बाई, म्हणजे आमच्या बाजूचा पाऊस ह्या अलीकडच्यांनीच पळवला म्हणा की!" ठमे, इतकी हुशार मुलगी मला कित्येक वर्षांत मिळाली नव्हती. (वय साठीच्या पुढे असावं.) सगळे आ वासून बघत होते.

सहलवाल्याने मला यापुढे कायमची बंदी केली आहे. करू दे मेल्याला.

तुझी ताई

ता. क. माळरान कसं दिसलं, हे तू विचारणारच. बाई वर्गाकडे तोंड करून उभी राहते. माळरान माझ्या पाठीमागे होतं. मंडळी आ वासून बघत होती ती माझ्याकडे नव्हे. तास संपवून वळले, तर असं धुकं दाटलेलं की छत्रीचं टोक दिसेना.

ता. ता. क. रविवारी तुझी गाडी मोकळी आहे का? मी वाटेत अवाक्षर काढणार नाही. माथ्यावर मला खांद्याला धरून माळरानाकडे वळव आणि तशीच धरून ठेव. यजमानांना घरीच ठेव. ते शंका विचारतात, आणि उत्तर द्यायला मला मागे वळावं लागतं.