मामाजींचं बिस्कुट अन् दीक्षाचं ऑपरेशन

सरिताताई,

तुले माहा जयभीम, भाऊजींले वाकून जयभीम, अन् तुह्या दोन्ही पोट्ट्यायचे गालगुच्चे. भाऊजींचा खोकला कसा आहे? खाणीतून आल्यावर गरम पाण्याच्या गुळण्या करतात, का तुह्यावर खेकसून चहाच पितात? तुह्या गुडघ्याचं काय झालं? इकडे आम्ही सगळे मजेत आहो. (पत्रात असंच लिहाव लागते म्हणून लिहिलं. पुढं वाच.)

तू म्हणशील, हिनं फोन सोडून कागद काहून घेतला. त्याचं असं आहे ताई, फोनवर तुहा आवाज आयकला की मले रडू येते. मी रडली की सासूबाई गॅस बंद करून येतात, माह्या हातातून फोन घेतात, अन् मंग तुम्ही दोघी कंबरदुखीचंच बोलत बसता. माहं बोलणं राहूनच जाते. आमच्या विहारातल्या महिला मंडळाच्या शोभाताई उद्या तुमच्या सावनेरले भाचीकडे जाऊन राहिल्या, त्यायच्या हाती हे पाठवते. आठवीपर्यंतची माही शाळा, तं अक्षर पाहून हासू नको.

सुरुवात या शोभाताईपासूनच झाली. माह्या दीक्षाच्या दिलाले छेद आहे हे समजल्यापासून माहं कशातच ध्यान नव्हतं. भाजी करपे, दूध उतू जाय, रोशनच्या डब्याच्या दोन्ही खणात भातच भरला जाय. (दिवसभर मिहानच्या गोदामात खोके उचलणारा माणूस, पण त्यानं कोरडा भात खाल्ला अन् घरी येऊन एक शब्द बोलला नाही. बोलला असता तं बरं झालं असतं.) शोभाताई मले म्हणे, पोरी, जे हातात नाही त्याच्याकडेच तू पाहून राहिली, जे आहे ते कोण पाहीन? संध्याकाळी वंदना झाली की घरच्यायनं गोल बसायचं, अन् आज आपल्याले काय चांगलं भेटलं ते प्रत्येकानं एक एक सांगायचं. मनाले समाधान येते म्हणे. मी म्हटलं, आमच्या घरी? ती म्हणे, तुमच्याच घरी पायजे.

तं बसलो आम्ही. पहिल्या दिवशी सासूबाई म्हणे, "आज सुनेनं वरणात मीठ बरोबर टाकलं. काल समुद्र होता." आता याले चांगलं म्हणायचं का टोमणा, तूच सांग. मामाजींले (माह्या सासऱ्याले) विचारलं, तं ते लय वेळ छताकडे पाहत राहिले अन् म्हणे, पंखा फिरून राहिला. दुसऱ्या दिवशीही पंखाच. तिसऱ्या दिवशी लाईन गेली होती तं म्हणे, काल फिरत होता. सासूबाई म्हणे, "अहो, चाळीस वर्षं संसार केला, पंख्याशिवाय काहीच नाही भेटलं का तुम्हाले?" तं मामाजी म्हणे, "पंखा कुरकुर करत नाही वं." झालं. त्या दिवशीचं समाधान तिथंच आटोपलं, दोघंही पाठीले पाठ करून झोपले. रोशनचं तं असं, की सुपरवायझर सुट्टीवर होता एवढं एक चांगलं सांगे, अन् बसल्या बसल्या डोळे मिटे.

माही पाळी आली की मले काहीच सुचत नव्हतं. एका दिवशी तोंडातून निघून गेलं, की आज रडताना दीक्षाचे ओठ निळे नाही झाले. मामाजींनी तिले उचललं अन् बाहेर चांदणं दाखवाले नेलं, अन् बाहेर तं ढग होते.

आता मामाजींची एक सवय तुले सांगाव लागते, नाही तं पुढचं तुले समजणार नाही. तोंडात काहीही टाकायच्या आधी त्यातला पहिला तुकडा ते नातीले देतात. सकाळी चहा आला, त्यात पाव बुडवला, की पहिला कोपरा तिचा. पोरगी तरी कशी, कप वाजला की कुठंही असो, ढुंगण घासत येते अन् त्यायच्या मांडीले धरून चिमणीच्या पिल्लासारखी चोच उघडते. एखाद्या दिवशी ती झोपली असली तं तो कोपरा ते बशीत बाजूले ठेवतात. पार भिजून त्याचा लगदा होते, पण ते स्वतः खात नाही.

ऑपरेशनची तारीख भेटली. मोठ्या दवाखान्यात आदल्या दिवशीच भरती केलं. नर्सबाईनं मले समोर बसवून सांगितलं, की सकाळपासून हिच्या पोटात काहीही जायले नाही पायजे, भुलीचं इंजेक्शन देणार आहो. मी घरच्या सगळ्यायले सांगितलं. सगळ्यायनं माना डोलवल्या. पण सासूबाईनं मान डोलवता डोलवता आपलंही एक ठरवून टाकलं. म्हणे, लेकरू उपाशी अन् आपण मोठे माणसं गिळाले बसू, हे माह्या घरात होत नाही. ती खाईन तेव्हाच आपण खाऊ. मले तं ते आयकून भरून आलं ताई. मी म्हटलं, पाय, शोभाताई खरं म्हणे, काय माणसं भेटली आपल्याले! (ही माही अक्कल.)

सकाळी सगळे उपाशी. पहिले फसला रोशन. त्याले रक्त द्याव लागत होतं, तं रक्तवाल्या मॅडमनं विचारलं, नाश्ता केला का? हा म्हणे, नाही, पोरगी उपाशी आहे. तिनं हाकलून दिलं, म्हणे, खाऊन ये, नाही तं इथंच पडशील अन् तुलेच बाटली लावा लागीन. तो खाली कॅन्टीनकडे गेला, तं सासूबाई त्याच्या मागं मागं. "बापा, तू माह्या शब्दाच्या बाहेर चालला का?" म्हणून तिथंच सुरू. पोहेवाला हातात पोह्याची बशी धरून उभा, मायलेकाचा तमाशा पाहून राहिला, अन् सोडवाले मी गेली. दीक्षा भुकेनं किंचाळून राहिली होती, म्हणून तिले मामाजींच्या मांडीवर देऊन गेली. त्या माणसाइतकं शांत तिले कोणीच करत नाही.

मामाजींले शुगर आहे. बायकोनं सांगितलं म्हणून त्यायनं खाल्लं काहीच नव्हतं, पण डॉक्टरनं सांगितलेली गोळी मात्र बरोबर घेतली होती, कारण डॉक्टरचंही मोडायचं नाही. (कोणाचंच न मोडणाऱ्या माणसाचं असं होते.) बाकावर बसल्या बसल्या त्यायले दरदरून घाम सुटला, हात कापाले लागले. बाजूले उमरेडकडची एक बाई होती, तिचाही नातू भरती. बिचारीनं पाहिलं अन् पिशवीतून बिस्कुटाचा पुडा काढून त्यायच्या हातात देल्ला. म्हणे, बाबाजी, पटकन खा. डोळ्यापुढं अंधारी आलेला माणूस, ताई. मांडीवर लेकरू, हातात बिस्कुट. काय केलं असंन त्यायनं? जे रोज करतात तेच केलं. अर्धं मोडलं अन् पहिला तुकडा तिच्या तोंडात देल्ला. तिनं चोच उघडली असंनच. मंग उरलेलं स्वतः खाल्लं. मंग दुसरं बिस्कुट घेतलं, अन् त्याचाही पहिला तुकडा.

मी वर आली तं पोरगी हासून राहिली होती. मले वाटलं, वा, काय समजदार पोरगी आहे. तेवढ्यात नर्सबाई तिले न्याले आली अन् हनुवटीवरचा भुगा पाहून जागीच थांबली. "हे काय आहे?" मामाजींच्या जिवात जीव आला होता, ते मोठ्या खुशीत म्हणे, "बिस्कुट."

त्यानंतरचं मी सगळं नाही लिहीत. डॉक्टर आले. ते ओरडले नाही, ओरडले असते तं परवडलं असतं. हळू आवाजात सांगितलं, की भूल देल्ल्यावर पोटातलं वर येऊन फुप्फुसात गेलं असतं, लेकरू टेबलावरच गेलं असतं. आज होत नाही, पुढच्या बुधवारी या. मामाजी पूर्ण वेळ हात जोडून उभे. डॉक्टर गेले तरी जोडलेलेच.

आता खरं सांगते ताई, अन् हे तू कोणाजवळ बोलू नको. मले राग यायले पायजे होता. सासूबाई अख्ख्या वार्डासमोर "बुढ्यानं घात केला" म्हणून कपाळ बडवून राहिल्या होत्या, रोशन भिंतीकडे तोंड करून उभा होता, अन् माह्या मनात काय आलं? की आज घरी नेता येते हिले. बस एवढंच. अजून पुढच्या बुधवारपर्यंत माही पोरगी माह्यापाशी आहे. ऑटोत तिचं तोंड पुसलं, तं तिच्या अंगाले बिस्कुटाचा वास येत होता. मी मनीषनगरच्या फाटकापर्यंत तिचं डोकं हुंगत आली. पायजे ते ऑपरेशन झालं नाही, छेद आहे तसाच आहे, भेव आहे तसंच आहे, अन् मी अशी खुश, जशी जत्रेहून आली.

घरी आल्यावर मात्र मामाजींनी हात मागं बांधले. खरोखर, पाठीमागं. जेवले तं जेवले, चहा पिला तं पिला, पण पोरीले हात लावणं बंद. सकाळी कप वाजला. ती आपली घासत घासत गेली, मांडीले धरलं, चोच उघडली. त्यायनं तोंड फिरवलं. ती दुसऱ्या बाजूनं गेली. त्यायनं तिकडूनही फिरवलं. तिले तं तो खेळच वाटला, खिदळाले लागली. अन् त्या बुढ्या माणसाच्या डोळ्यातून पाणी चालू. सासूबाई पोळी लाटता लाटता हे सारं पाहून राहिल्या होत्या. दोघायचं बोलणं तं बंद होतं, म्हणून भिंतीले सांगितल्यासारखं म्हणे, "आज काही ऑपरेशन नाही कोणाचं. चहा थंडा होऊन राहिला म्हणा."

मामाजी तरी हलले नाही. मंग मी उठली. त्यायचा उजवा हात पाठीमागून काढला, त्यात पाव देल्ला, अन् म्हटलं, मामाजी, तुमच्या हातचं बंद झालं तं तिले वाटीन का आपलंच काही चुकलं. त्यायनं पाव बुडवला. कोपरा चहातच पडला. मंग बोटानं काढून देल्ला. ती खाऊन "आं" म्हणे, की अजून दे.

त्या संध्याकाळी वंदनेनंतर गोल बसलो. रोशनची पाळी आली, तं तो झोपला नव्हता. म्हणे, आज घरी आलो तं माय-बाबाचं भांडण परत सुरू होतं, चपला काढता काढता आयकलं, बरं वाटलं. सासूबाई म्हणे, बह्याड आहे हा, डोकं ठिकाणावर नाही याचं. मामाजी पंख्याचं नाही बोलले. पोरीच्या पायाचे तळवे चोळत बसले. अन् माही पाळी आली तं मले इतकं सुचलं, इतकं सुचलं, की कोणतं सांगू. सासूबाईचा पाटा वाजते ते, रोशनच्या मोज्याचा वास ते, दीक्षा रात्री कुशीत लाथा मारते ते. आधी हे दिसतच नव्हतं वं. अन् आता दिसते तं असं दिसते, जसं कोणी दाखवून परत नेणार आहे. शोभाताईनं समाधान येते म्हणून सांगितलं. येते. पण भेव जात नाही, दोन्ही संगच येऊन बसतात. हे तिनं सांगितलं नव्हतं.

तू मात्र काही काळजी करू नको. बुधवारी इकडे यायची काही गरज नाही. तुह्या घरी कापसाचं काम चालू असंन, गुडघाही दुखते. इथं माणसं भरपूर आहेत. या खेपेले मामाजी घरूनच खाऊन निघणार आहेत, सासूबाईनं स्वतः तसा हुकूम काढला. डॉक्टर म्हणतात, बहुतेक लेकरं चांगली होऊन घरी जातात. मी 'चांगली' एवढंच आयकून घेते, 'बहुतेक' सोडून देते. भाऊजींले खोकल्याचं पाहाले सांग.

तुही लहान बहीण,
प्रणाली

ता.क. शोभाताईच्या हाती जवसाची चटणी पाठव. सासूबाई विचारत होत्या. (विचारत नव्हत्या, पण पाठवशील तं घरात दोन दिवस शांतता राहीन.)

ता.क. ताई, वर जे लिहिलं यायची गरज नाही, ते खोटं आहे. तू ये. मंगळवारीच ये. शोभाताईच्याच संगं बसून ये.

ता.क. अजून एक. ऑपरेशनच्या खोलीच्या दाराशी एक पिवळी पट्टी मारली आहे, मायले तिच्यापुढं जाऊ देत नाही. तिथं आपल्या हातानं लेकरू नर्सबाईच्या हातात द्याव लागते. परवा एका बाईनं देल्लं, ते मी पाहिलं. ती देऊन मोकळी झाली, तरी तिचे हात तसेच वाकलेले होते. मले जमणार नाही वं. रोशनले जमणार नाही, तो आतापासूनच रडते. मामाजींले तं मी विचारूही शकत नाही. दीक्षा तुह्याकडे येते, रडत नाही. तू दे तिले आत. मी तुह्या मागं उभी राहीन, तुहा पदर धरून. पण एक सांगून ठेवते, तिले बाहेर आणतील तेव्हा तू मधात येऊ नको. घ्याले मीच पुढं जाईन.