पायाचा निरोपसमारंभ

४ मार्च

चि. धाकटीस दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

माझ्या उजव्या पावलावरची ती चामखिळीसारखी गाठ आठवते ना? बागेत अनवाणी फिरताना काटा मोडला, तिथेच ती उगवली. इतक्या वर्षांत वाढून फ्लॉवरच्या तुऱ्यासारखी झाली. शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांनी नुसती पाहून कर्करोग ठरवला. घोट्याच्या वर कापू म्हणाले. घरात रडारड झाली. शेजारी फळे घेऊन येतात, सूनबाई उशाशी बसून असते. मी पायाला निरोपाची कविता लिहिली आहे, सोबत पाठवतो. शेवटचे कडवे तेवढे लंगडते.

अजून तरी दोन पायांचा,
दादा

१० मार्च

ती. दादास सा. न. वि. वि.

कविता वाचून आधी रडू आले, मग राग. अरे, कापायला निघालास, पण गाठीचा तुकडा काढून तपासला का कुणी? संदर्भ न देता अर्थ लिहिणाऱ्या पोरांना तू शाळेत भोपळा द्यायचास, आणि या डॉक्टरांना पैकीच्या पैकी? आधी त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. नाही गेलास तर मी येऊन ओढत नेईन.

तुझी लाडकी (असे मी समजते),
धाकटी

२ एप्रिल

चि. धाकटीस आशीर्वाद.

पाय वाचला! त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी गाठीवरचे काळे ठिपके खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली धरले. मलाही दाखवले: मोहरीसारखे तपकिरी, गोल दाणे. तुकडाही तपासला. कर्करोग नव्हेच, बुरशी! मातीतली, काट्याबरोबर आत शिरलेली. वर्षभर गोळ्या घ्यायच्या, मधूनमधून गाठ गोठवून मारायची. माणसाकडून माणसाला लागत नाही, हेही बाईंनी सूनबाईसमोर बजावले.

पण ऐकतो कोण? कर्करोग होता तोवर मी संत होतो. आता माझी बादली वेगळी, टॉवेल वेगळा, खुर्ची व्हरांड्यात. फळेवाले शेजारी फाटकातूनच खुशाली विचारतात. सूनबाई मोजे चिमट्याने उचलते. कालपासून गोळ्या घेतल्या नाहीत. बुरशीवाल्यापेक्षा लंगड्याला निदान माणसे जवळ करतात.

लोभ दुरून का होईना, असावा.
दादा

९ एप्रिल

ती. दादास सा. न.

हे वाचून होताच गोळी घे. पाय घालवून माया मिळवायचा हा धंदा तुझ्यासारख्या कवीलाच सुचणार! उद्याच्या गाडीने निघते आहे, महिनाभर राहीन. सूनबाईला फोन केला आहे. आत्या, तुमचा टॉवेल कुठला ठेवू, असे विचारत होती. म्हटले, वेगळा नको, मी दादाचाच वापरणार.

लोभ तिथे येऊन वसूल करीन.
धाकटी