अण्णांच्या कपाटातला इंग्रज

आई, तुझा तो इंग्रज लेखक आता माझ्याकडे राहायला आलाय. अण्णा गेल्यावर चिकपेटच्या घरात राहणारं कोणी उरलं नाही, म्हणून काचेच्या कपाटातले ते जाडजूड तपकिरी खंड मी महादेवपुऱ्याच्या फ्लॅटवर आणले. अण्णांनी ते लग्नाआधी कॅन्टोन्मेंटातल्या कुठल्याशा लिलावात घेतले होते. आल्यागेल्याला कपाटापाशी नेऊन ते सांगायचे, "एवढा मोठा लेखक जगात दुसरा झाला नाही." आम्हां मुलांना हात लावायची परवानगी नव्हती. धूळ तेवढी तू झटकायचीस.

त्या लेखकाचं चरित्र मी तुझ्याच तोंडून ऐकलं, तेही तू पोळ्या लाटत असताना. त्याची सासू खाष्ट होती. सर्दी झाली की तो आंबट खायचा नाही, म्हणून मीही खायचं नाही. त्याची वचनं तर तुला तोंडपाठ. अण्णा भाजीला नावं ठेवायला लागले की तू शांतपणे म्हणायचीस, "तो लिहितो, तव्यापुढे उभ्या असलेल्या बाईची चूक काढायची तर आधी पोट भरून घ्यावं." अण्णा घास हातात धरून मान हलवायचे. "आहे, आहे. वाचलंय मी." पुढचं जेवण मुकाट्याने व्हायचं. तेच तू स्वतःचं मत म्हणून बोलली असतीस, तर आपल्या सगळ्यांना तासभर भाषण ऐकावं लागलं असतं.

तो दिवस आठवतो ना? पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातून मला नोकरीचं बोलावणं आलंय, ड्रॉइंग सेक्शनमध्ये. आणि त्याच आठवड्यात हुबळीचं स्थळ. मुलगा चांगला, पण मुलीने नोकरी करायची नाही ही अट. अण्णा होकार कळवायला निघालेत, चपला पायात आहेत. मी दाराला धरून मुसमुसतेय. तू पदराला हात पुसत बाहेर येतेस. "अहो, स्वल्प थांबा. तुमच्या लेखकाने काय म्हटलंय? ज्या मुलीने स्वतःच्या पगारातून साडी घेतलीय, तिच्याशी सासरचे जरा दमाने बोलतात."

"साडी?" अण्णा विचारतात.

"तिकडे झगा असेल. मी आपलं मराठीत सांगतेय."

एवढ्या रडण्यातही मला हसू फुटतं, मी तोंडात ओढणी कोंबते. "त्याच्या बहिणीही नोकरी करायच्या," तू पुढे रेटतेस. अण्णा बराच वेळ कपाटाकडे बघत राहतात. मग म्हणतात, "सरी, बरं. तिसऱ्या खंडात आहे ते. आठवलं मला." आणि चपला काढतात. त्या कारखान्यात मी निवृत्त होईपर्यंत टिकले, आणि हुबळीपेक्षा बरा नवरा तिथेच भेटला, तो तू पाहिलासच.

परवा मी तो तिसरा खंड उघडला. आई, पानं कापलेलीच नाहीत गं. जुन्या पुस्तकांच्या पानांच्या कडा जोडलेल्या असायच्या, वाचणाऱ्याने सुरीने कापत कापत पुढे जायचं. पहिल्या खंडाची सुरुवातीची थोडी पानं कापलेली आहेत. बाकी सगळे खंड छापखान्यातून आले तसेच. म्हणजे अण्णांनी ते वाचलेच नव्हते, आणि रोज धूळ झटकणाऱ्या तुला हे चांगलं ठाऊक होतं. काय पक्की होतीस तू! मी फरशीवर बसून एकटीच खो खो हसले, मग तुझी इतकी आठवण आली की रडू आवरेना. अण्णा "आठवलं" म्हणाले, तेव्हा त्यांनाही तुझा डाव कळला होता का, हे विचारायला आता दोघांपैकी कोणीच नाही. मला वाटतं, कळला असावा. नाहीतर खंडाचा नंबर स्वतःहून कशाला सांगितला असता?

मी सुरी घेऊन बसले होते. नवरा म्हणाला, "काप की, बघू तरी काय लिहिलंय त्याने." मी सुरी परत ठेवून दिली. कागद जुना आहे, फाटेल, असं त्याला सांगितलं. हे पत्र कुठे जायचं नाहीये, म्हणून खरं कारण लिहिते. चुकून ते साडीचं वाक्य तिथे सापडलं तर? मला ते तुझंच हवंय.