लाटासुराने जेटी नेली त्याबद्दल

प्रिय भाऊ सांतान यास थोरली बहीण डोरथी हिचा आशीर्वाद. सायबीण माउलीच्या कृपेने वेंगुर्ल्यात आमची सगळी भांडण्याइतपत धडधाकट आहेत, म्हापशात तुम्हीही तशीच असाल असं धरते. गुडघ्यांबद्दल लिहू नकोस, मागच्या पत्रात दोन पानं गुडघेच होते. फोन केला असता, पण फोनवर तू मधेच बोलतोस. अक्षर मोठं काढलंय, त्याचं कारण पुढे येईल. (चुका काढू नकोस. मी तिसरीपर्यंत, पण तू सातवीला दोनदा होतास.)

माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे हे सून स्टेला दोन वर्षं सगळ्या वाडीला सांगतेय. मी ऑपरेशनला नाही म्हणत होते. मला दिसतं तेवढं पुरतं. एकदा खुंटीवरच्या रेनकोटाला जेवलास का म्हणून विचारलं, तेवढ्यावरून तिने घर डोक्यावर घेतलं. मी ऐकत नाही म्हटल्यावर नात रोशेल, कणकवलीला कॉलेजात असते ती, सुट्टीत येऊन म्हणाली, आजये, आपण खेळून ठरवूया. ती जिंकली तर मी डोळे कापून घ्यायचे. मी जिंकले तर चर्चच्या पुढच्या फेस्तापर्यंत घरात कोणी डोळा हा शब्द काढायचा नाही.

खेळ असा. फासा नाही, पत्ता नाही, नशिबाचा संबंध नाही, म्हणून मी बसले. (माझ्या नवऱ्याने पत्त्यांवर आयुष्य काढलं, ते मला पुरे झालं.) आपण अचाट शक्तीचा माणूस व्हायचं. रोशेल झाली लाटासूर, वेंगुर्ल्याची जेटी समुद्रात ओढून नेणारा. मी जेटी राखणारी. तिने विचारलं, तुका उडूक येवचा काय? त्याला चार काजूबिया मोजाव्या लागतील. म्हटलं, चार बियांत उडेन, पण लुगडं कोण धरणार? राहू दे. दोघींकडे काजूच्या बारा बिया, त्या म्हणजे आपला जोर. दर डावाला किती जोर लावायचा ते मनात ठरवून तेवढ्या बिया सुपाच्या आड करवंटीत टाकायच्या. मग दोघींनी करवंट्या उघडायच्या. वापरल्या त्या गेल्या, पुढच्या डावाला फक्त तीन नव्या मिळतात. तिची एक बी जरी जास्त निघाली तर जेटी गेली. सहा डाव राखली तर मी जिंकले.

आता मी कारखान्यात एकतीस वर्षं काजू निवडले. करवंटीत किती पडल्या ते मला आवाजाने कळतं. आधी तिने टाकायच्या, मग मी, असं मीच सुरुवातीला ठरवून घेतलं. (ही फसवणूक नव्हे. कान झाका असा नियम तिने सांगितला नव्हता.) तिने सहा टाकल्या, मी सहा. तिने चार, मी चार. पाच डाव असे गेले. मधेच ती म्हणाली, आजये, तू एकदा तरी मार गो त्याका. म्हटलं, मी जेटी राखायला बसलेय, त्याला वळण लावायचं काम त्याच्या आईचं. स्टेला भाकऱ्या तव्यावर तशाच टाकून दारात उभी राहिली होती, त्यावरून खेळ किती रंगला ते ओळख.

सहाव्या डावाला दोघींकडे पाच पाच उरल्या. तिने पाचही टाकल्या. मी पाच उचलल्या, आणि हाताला एक किडकी लागली. एकतीस वर्षांची सवय, किडकी हातात राहत नाही. खिडकीतून कोंबड्यांत गेली. करवंट्या उघडल्या तर माझ्या चार.

"आजये, पाचवी खंय?"

"किडकी होती. उडयली."

"खेळात किडकी पण चालता गो!"

"माज्या हातात चालणा नाय."

जेटी गेली. स्टेला आत जाऊन डॉक्टराला फोन करती झाली. येत्या मंगळवारी, कुडाळला, उजवा डोळा. मी शब्द मोडत नाही हे तुला ठाऊक आहे.

तुझी बहीण,
डोरथी

ता.क. ती बी किडकी नव्हती. मागच्या महिन्यात मी विहिरीचा काठ समजून पाय पुढे टाकला तो पोकळीत गेला, रहाटाचा दोर हाताशी होता म्हणून वाचले. हे कोणाला सांगितलेलं नाही. पण सुनेचं ऐकून गेले असं वाडीत झालं असतं तर पुढे मला भाजीत मीठही तिला विचारून घालावं लागलं असतं. नातीशी हरले यात कमीपणा नाही.

ता.क. दुसरं. डॉक्टराकडच्या बाईने फोनवर विचारलं, घरात आणखी कोणाला मोतीबिंदू आहे का. मी तुझं नाव दिलं. तुझ्या पत्रात ओळी एकमेकींच्या डोक्यावर चढतात, आणि पाकिटावर माझ्या नावाच्या जागी तू तुझंच लिहिलं होतंस, म्हणून हे अक्षर मोठं. मंगळवारचा डोळा माझा, बुधवारचा तुझा. सोमवारच्या दुपारच्या गाडीने ये. गुडघ्याचं कारण चालणार नाही, हे काम झोपून करायचं असतं. तुझ्या बायकोला आधीच कळवलंय, पिशवी तिने भरून ठेवली आहे.