उम्म सिद्रच्या वाटेवरचे निळे बाण

रविवार, १३ ऑक्टोबर

पाण्याच्या कुंडाशेजारी कुणीतरी हगून ठेवलंय. वर पांढरे कागद, त्यावर दगड. झाकल्याचं समाधान असावं.

उम्म सिद्रच्या डोंगरावर आठ महिन्यांनी गेलो. गुडघे आता कुरकुरतात. त्या कुंडाच्या पाण्यानं मी नमाजाआधी हातपाय धुऊन वुजू करतो, वडील करत, आजोबा करत. आज हात न धुता उतरलो.

आणि बाण. निळ्या रंगाचे, हाताएवढे, खडकाखडकावर. उतरणीच्या प्रत्येक वळणावर एक. आमच्यात शिकारीच्या वाटेवर खूण करत नाहीत. वडिलांनी बारा वर्षांच्या मला मागे घेऊन सात वेळा नेलं, आठव्यांदा म्हणाले, "आता तू पुढे हो." वाट अशी द्यायची असते. रंगाचा डबा उघडून फासायची नसते.

हे आमच्याकडे उतरलेल्या रादेकचंच काम. गेल्या वर्षी ही वाट मीच त्याला दाखवली. त्याला आणि त्याच्यासारख्या किती जणांना!

सोमवार, १४ ऑक्टोबर

रादेक चेक आहे. दरवर्षी येतो, आमच्याच घरी उतरतो. दोन दिवस दोर लावून सरळसोट कडे चढतो आणि तिसऱ्या दिवशी विश्रांती घेतो. विश्रांती म्हणजे काय, तर दोर घरी ठेवून आमच्या रानबकरे मारायच्या वाटा हुंगत फिरायचं. बोटं सोलवटलेली, पायाला पट्ट्या, तरी पहाटे तयार. "अबू फैहान, आज सुट्टी. काहीतरी सोपं, पण थोडं भीतीचं दाखव." भीतीचं! आम्ही भुकेपोटी चढायचो.

बायकोला, वधाला, सांगितलं. पीठ मळता मळता म्हणाली, "मग विचारा त्याला."

"घरात जेवतोय तो. पाहुण्याला असं विचारतात का?"

"नाही ना विचारता येत? मग माझं डोकं खाऊ नका. मला काय ठाऊक तुमच्या खडकांचं?"

पण माझ्याकडे बघत नव्हती.

मंगळवार, १५ ऑक्टोबर

रादेकनं त्याची वही दाखवली. उम्म सिद्रचं चित्र, वाटेची तुटक रेघ, खाली माझं नाव. मी चहाचा पेला खाली ठेवला.

माझा मुलगा फैहान त्याची थट्टा करत होता. "बाबा, हा स्वतःची घाण पिशवीत घालून खाली आणतो. सोनं आहे जणू!" रादेकही हसला. मला ते ढोंग वाटलं. घरात पिशवी, डोंगरावर काय?

फैहानचं काही नाही. चोवीस वर्षांचा झाला, पण जीप आणि फोन यांपलीकडे त्याला डोंगर दिसत नाही.

बुधवार, १६ ऑक्टोबर

तारेचा ब्रश, वाळू, जुना शिरका. सकाळपासून दुपारच्या असरच्या नमाजापर्यंत पुसत होतो. एकतीस बाण. घाणही पुरली, दूर. रंग खडकाच्या रंध्रांत शिरतो, नखांत शिरतो. प्रत्येक बाणाला मनातल्या मनात शिवी दिली, नंतर प्रत्येकीबद्दल तौबा केली.

फैहाननं विचारलं, "कुठे होतात दिवसभर?"

"शेळ्या बघायला."

डोंगर पुन्हा स्वच्छ झाला. कुंडाशी नमाज पढलो. फार बरं वाटलं.

गुरुवार, १७ ऑक्टोबर

नखांतला रंग जात नाही. जेवताना किळस येते.

शुक्रवार, १८ ऑक्टोबर

जुम्म्याच्या नमाजाला फैहान दिसला नाही. असर झाली तरी नाही. वधा दारातून आत, आतून दारात. शेवटी म्हणाली, "दोन पाहुण्यांना घेऊन पहाटे गेलाय. दुपारी परततो म्हणाला होता. उम्म सिद्रवर."

"त्याला ती वाट माहीत नाही."

"म्हणून तर रंग लावला ना त्यानं! चारदा एकटा वर गेला. चुकला, खरचटला, परत गेला. उतरायची वाट जिथं सापडली तिथं बाण काढला. गेल्या आठवड्यात पाहुणेही नेऊन आणले. मला शपथ घातली होती, बाबांना सांगू नकोस. दहा वर्षं नेतो नेतो म्हणालात, अबू फैहान. परक्यांना त्यांच्या सुट्टीच्या दिवशी नेता. पोराला कधी नेलंत?"

म्हणजे कुंडाशेजारची ती घाणही त्याच्याच पाहुण्यांची.

रादेक अंगणात पाय शेकत बसला होता. त्याची सुट्टीच होती. काही न विचारता त्यानं दोर उचलला.

सूर्य टेकायच्या आधी सापडले. वाट सोडून डावीकडच्या घळीत, खडकाच्या एका अरुंद पट्टीवर तिघं चिकटून. खाली साठ हात नुसती हवा. पाहुणे धड होते. फैहानचं मनगट मोडलेलं, ओठ पांढरे. रादेक त्यांच्यापर्यंत पोचला, एकेकाला बांधून खाली सोडलं. मी खाली उभा राहून दोर धरला. चढायच्या आधी माझ्या कमरेची गाठ तपासताना त्यानं माझे हात हातांत घेतले होते. नखांतला निळा रंग पाहिला होता. मग गाठ घट्ट केली होती.

खाली आल्यावर फैहान म्हणाला, "बाण होते बाबा. अल्लाची शपथ, मी काढले होते. कुणीतरी पुसले."

मी त्याच्या खांद्यावर माझी अबा पांघरली.

शनिवार, १९ ऑक्टोबर

पोरगा वाचला म्हणून सगळे भाऊबंद आले होते. मी कॉफी ओतत होतो. फैहान गळ्यात हात बांधून बसला होता. सगळ्यांदेखत रादेकला म्हणाला, "तूच म्हणाला होतास, खडकावर रंग घाण दिसतो. तूच पुसलेस."

रादेकनं एकदा माझ्याकडे पाहिलं. मी किटलीकडे पाहिलं.

"हो," तो म्हणाला. "मी पुसले. माफ कर."

सगळे त्याच्याकडे किळसेनं बघू लागले. मी त्यांच्यातच बसलो होतो.